मोटार घरीं रंगविण्यासाठीं माफक किंमतीची रंगपिचकारी कशी निवडावी

पावसाळा सरला कीं खेड तालुक्यांतील शेतकऱ्यास वाहनाच्या पत्र्यावर चढलेला गंज दिसूं लागतो. वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखांत अंगणांत उभी असलेली मोटार, आंबा वाहणारा टेंपो किंवा पॉवर टिलर यांस गंज न लागला तरच नवल. सन २००५ व सन २०२१ या दोन्ही वर्षीं जुलै महिन्यांत जगबुडीचें पाणी खेड शहरांत शिरलें. असें पाणी ज्या वाहनाच्या दारांपर्यंत चढलें त्याचा पत्रा आंतून कुजूं लागतो. रंग हा केवळ शोभेसाठीं नसून पत्र्याचें कवच आहे. परंतु सर्व गाडी कारखान्यांत रंगवून घेण्याचा खर्च प्रत्येकास झेपत नाहीं. म्हणून पुष्कळ जण हें काम घरींच करूं पाहतात. त्यांनीं पिचकारी, म्हणजे स्प्रे गन, कशी निवडावी याचा येथें विचार करूं.

पंप आणि पिचकारी

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंब्यावरील तुडतुड्यांसाठीं आणलेला एच.टी.पी. पंप घरांत आहे, त्यालाच रंगाची पिचकारी जोडतां येईल, असें कित्येकांस वाटतें. तसें होत नाहीं. औषधाचा पंप द्रवास दाब देतो, हवेस नव्हे. रंगाच्या पिचकारींत दाबलेल्या हवेचा झोत रंगाची धार फोडून तिचे बारीक तुषार करतो. पाठीवरच्या पंपानें रंग मारूं गेल्यास थेंब जाड पडतात आणि थिनरनें त्याचे रबरी भाग फुगतात. तो पंप पुन्हा झाडांच्या कामासही येत नाहीं.

हवेनें तुषार करणाऱ्या या साधनाचें मूळ वैद्यकांत आहे. अमेरिकेंतील टोलेडो येथील डॉक्टर डीव्हिल्बिस यांनीं घशांत औषध उडविण्यासाठीं फवारा बनविला होता. त्यांच्या पुत्रानें १९०७ च्या सुमारास तेंच तत्त्व रंगास लावलें. पुढें १९२३ च्या सुमारास ‘ड्युको’ हा लवकर वाळणारा रंग मोटारींसाठीं निघाला. आपल्याकडील रंगारी पिचकारीनें मारलेल्या रंगास आजही ‘ड्युको’ म्हणतात, तें याच नांवावरून.

आधीं हवा मोजावी

पिचकारी निवडतांना बहुतेक जण किंमत पाहतात. वास्तविक प्रथम पाहावी ती आपल्या कंप्रेसरची हवा. प्रत्येक पिचकारीस मिनिटाला अमुक घनफूट हवा लागते, व तो आंकडा तिच्या पत्रकावर असतो. एच.व्ही.एल.पी. जातीच्या पिचकारीस सामान्यतः ८ ते १५ घनफूट, जुन्या पद्धतीच्या लहान पिचकारीस ४ ते ८, आणि एल.व्ही.एल.पी. जातीच्या पिचकारीस ३॥ ते ६ घनफूट हवा लागते. उलटपक्षीं कंप्रेसरच्या पाटीवर ८ घनफूट लिहिलें असल्यास प्रत्यक्ष हाती येणारी हवा सुमारें दोन तृतीयांश, म्हणजे पांचसवापांच घनफूट, धरावी.

एक हिशेब करून पाहूं. कंप्रेसर ५ घनफूट हवा देतो व पिचकारी १२ घनफूट मागते. मिनिटाला ७ घनफुटांची तूट पडली. पन्नास लिटरांच्या टाकींतील दाब १२० पौंडांवरून ४५ पौंडांवर येईपर्यंत सुमारें ९ घनफूट हवा मिळते. म्हणजे सव्वा मिनिटांत दाब पडला आणि फवाऱ्याचे थेंब जाड झाले. मोटारीचें बॉनेटही धड पुरें व्हावयाचें नाहीं. मग दोष मात्र पिचकारीस दिला जातो. यास्तव लहान कंप्रेसर असलेल्यानें एल.व्ही.एल.पी. किंवा कमी हवेवर चालणारी लहान पिचकारीच घ्यावी. एच.व्ही.एल.पी. पिचकारींत टोपीपाशीं दाब १० पौंडांहून अधिक नसतो. त्यामुळें रंग कमी उडून जातो व पत्र्यावर अधिक बसतो. परंतु ही बचत पुरेशी हवा असेल तरच पदरांत पडते.

विजेवर चालणारी, कंप्रेसर न लागणारी हातपिचकारी स्वस्त मिळते. ट्रॉली, फाटक व लाकूडकाम यांस ती पुरे. मोटारीच्या वरच्या अंगास तिचे थेंब जाड पडतात.

विकत घेतांना

भांडें वर असलेली पिचकारी घ्यावी. तिच्यांत रंग आपल्या वजनानें उतरतो व शेवटचा थेंबही वापरला जातो. तोंडाचें भोक शेवटच्या रंगासाठीं १.३ किंवा १.४ मिलिमीटर असावें व प्रायमरसाठीं १.८ च्या आसपास. सुई व तोंड स्टेनलेस स्टीलचें असावें आणि सुटे भाग व वॉशर बाजारांत मिळत असल्याची खात्री करावी. शक्य असल्यास दुकानांतच कागदावर फवारा मारून पाहावा. ठसा दोन्ही टोकांस सारखा, लांबट अंड्यासारखा, उमटला पाहिजे. तो एका बाजूस जड उमटल्यास हवेची टोपी अर्धी फिरवून पुन्हा पाहावें. दोषही फिरला तर टोपी सदोष किंवा तुंबलेली. न फिरला तर तोंड सदोष.

कोंकणची दमट हवा

पिचकारीइतकेंच महत्त्व पाणी गाळणाऱ्या सेपरेटरास द्यावें. दाबलेल्या हवेंतील बाष्पाचें टाकींत पाणी होतें. तें नळींतून रंगांत गेलें कीं पत्र्यावर फोड येतात. रोज काम संपल्यावर टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी काढावें. हवेंतील आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असतां रंग मारूं नये. नायट्रोसेल्युलोज रंग अशा वेळीं पांढुरका पडतो. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचे दिवस बरे, तेही दंव पूर्ण वाळल्यावर, साधारण अकरा ते तीन या वेळांत. पिचकारी पत्र्यापासून वीतभर दूर व त्याच अंतरानें चालवावी आणि प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा.

जिवाशीं खेळ नको

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दोन डब्यांच्या पी.यू. रंगाच्या हार्डनरमध्यें आयसोसायनेट असतें. त्याचे तुषार छातींत गेल्यास दमा जडूं शकतो, आणि एकदां जडला म्हणजे पुढें त्याच्या अत्यल्प अंशानेंही झटका येतो. रुमाल तर नाहींच, पण गाळणीचा साधा मुखवटाही येथें भरंवशाचा नाहीं. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. असा मुखवटा व बंदिस्त खोली ज्याच्याकडे नाहीं त्यानें हा रंग घरीं मारूं नये. घरीं एका डब्याचा नायट्रोसेल्युलोज किंवा सिंथेटिक इनॅमल रंग वापरावा. तोही योग्य मुखवटा लावून व मोकळ्या हवेंत. चूल, विडी व कंप्रेसरची मोटर फवाऱ्यापासून दूर ठेवावी, कारण थिनरची वाफ पेट घेते.

नोंदणीपत्रांत वाहनाच्या रंगाची नोंद असते; यास्तव मूळचाच रंग द्यावा, अथवा बदल परिवहन कार्यालयांत रीतसर नोंदवावा.

ज्यांस पी.यू. रंगाचीच झिलई हवी असेल त्यांनींही निराश होण्याचें कारण नाहीं. गंज खरवडणें, लांबी भरणें, घासणें व प्रायमर देणें हीं बहुतांश श्रमाचीं कामें घरीं करून शेवटचा हात तेवढा कारखान्यांत द्यावा. यांत खर्च कमी होतो आणि छातीही शाबूत राहते. पिचकारी स्वस्त असली तरी चालेल. तिला पुरेशी व कोरडी हवा मिळाली आणि ती धरणाऱ्याचा श्वास निर्मळ राहिला, म्हणजे काम साधलें.