दूरस्थ अध्यापनातील शिष्यपरीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. गुरु व शिष्य एकमेकांच्या दृष्टीसमोर आहेत, हे या तिन्हींमध्ये गृहीतच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि हे गृहीतक अक्षरशः रातोरात मोडले. पुढे महाविद्यालयांचे वर्ग पूर्ववत भरू लागले. तथापि व्यवसाय करणाऱ्या वैद्यांसाठी आम्ही चालवीत असलेला संहितावाचनाचा अभ्यासक्रम मात्र पडद्यावरच राहिला. दवाखाना बंद ठेवून दर आठवड्यास शहरात येणे कोणास परवडणार ?

वर्गात शिकविताना कोणाचे लक्ष उडाले आहे हे सांगावे लागत नाही. मान खाली जाते, पेन थांबते, शेजाऱ्याशी कुजबुज सुरू होते. पडद्यावर यांपैकी काहीच दिसत नाही. दर्शन गेले, स्पर्शनाचा प्रश्नच नाही, उरला तो केवळ प्रश्न. आणि गप्प बसलेल्यास प्रश्न विचारावा, हे तरी कसे सुचावे ?

आम्ही मूडल ही प्रणाली वापरतो. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात तयार केलेली ही प्रणाली २००२ पासून सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे आणि जगभरातील असंख्य शिक्षणसंस्था ती वापरतात. तिच्यात अध्यापकासाठी काही अहवाल तयार असतात. कोणी कोणते पान केव्हा उघडले याची वेळेसह नोंद ठेवणारा ‘लॉग’ असतो. विद्यार्थ्यांची नावे उभी आणि पाठ आडवे मांडून पूर्ण झालेल्या पाठापुढे खूण दाखविणारा तक्ता असतो. आम्हांस सर्वाधिक उपयोगी पडला तो सहभाग अहवाल. एक पाठ किंवा चर्चा निवडावी, कालावधी निवडावा, की कोणी भाग घेतला व कोणी घेतला नाही याची यादी समोर येते. आणि न घेतलेल्यांस तेथूनच एकत्रित संदेश पाठविता येतो.

ही शेवटची सोय मोहात पाडणारी आहे. आम्ही त्या मोहात पडलो.

अभ्यासक्रमाच्या चौथ्या आठवड्यात यादीतील सर्व ‘नाही’वाल्यांस आम्ही एकच संदेश धाडला. त्यात ‘आपणांस रस नसल्यास जागा अडवू नये’ अशा आशयाचे वाक्य होते. ते लिहिताना आम्हांस काहीच वाटले नाही, हे आज सांगताना संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी डोंगरी भागातील एका वैद्यमहाशयांचा दूरध्वनी आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे अधिकच ओशाळल्यासारखे झाले. त्यांच्या गावी नेटवर्क मिळत नसे. पहिल्याच दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन त्यांनी सर्व अध्यायांच्या प्रती छापून आणल्या होत्या आणि रात्री रुग्ण संपल्यावर ते वाचीत होते. कागदावरील वाचन लॉगमध्ये उमटत नाही. ज्वरनिदानावर त्यांनी आम्हांस तीन शंका विचारल्या. त्यांपैकी एकीचे उत्तर देण्यापूर्वी आम्हांस चक्रपाणींची टीका उघडावी लागली.

उलट दुसरे एक सदस्य असे होते, की त्यांच्या नावापुढील सर्व खुणा भरलेल्या. चर्चेच्या दिवशी मात्र पूर्वरूप व रूप यांतील भेदही त्यांना सांगता येईना. लॉग उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. ‘पाठ पूर्ण झाला’ ही खूण विद्यार्थ्याने स्वतः करावी अशी मांडणी आम्हीच ठेवली होती, आणि त्यांनी एका संध्याकाळी काही मिनिटांत सगळ्या खुणा करून टाकल्या होत्या.

तेव्हापासून आम्ही अहवालास लक्षण मानतो, निदान मानीत नाही. लॉगमध्ये कळ दाबल्याचा क्षण असतो. वाचनास लागलेला वेळ त्यात नसतो. पान उघडे ठेवून मनुष्य चहास गेला की ग्रंथात बुडाला, हे यंत्रास कळत नाही. ध्वनिचित्रफितीचे पान उघडले एवढेच कळते, ती शेवटपर्यंत पाहिली की नाही ते नाही.

मोठ्या संस्थाही येथे फसल्या आहेत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने विद्यार्थ्यांस लाल, पिवळा व हिरवा दिवा दाखविणारी ‘कोर्स सिग्नल्स’ ही योजना काढली. असे दिवे असलेले अभ्यासक्रम अधिक संख्येने घेणारे विद्यार्थी विद्यापीठात अधिक टिकतात, असे सांगण्यात आले. २०१३ मध्ये काही अभ्यासकांनी दाखवून दिले, की येथे कार्यकारणभाव उलटा असू शकतो. जो अधिक काळ टिकला त्यासच असे अधिक अभ्यासक्रम घेण्याची संधी मिळाली. शंभरी गाठलेल्याने च्यवनप्राश अधिक वर्षे खाल्ला असणारच !

याचा अर्थ अहवाल टाकाऊ आहेत असा नव्हे. गूढलिंग व्याधीत उपशय-अनुपशयाने परीक्षा करावी, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. तीच रीत आम्ही येथे लावली. दर सोमवारी आम्ही सहभाग अहवाल पाहतो. सलग दोन आठवडे नाव रिकामे दिसले, तर एकत्रित संदेश न पाठविता आमच्यापैकी एक जण दूरध्वनी करतो आणि ‘कसे चालले आहे ?’ एवढेच विचारतो. अडचण कळली की त्यानुसार एखादा उपाय करून पाहतो : कोणास छापील प्रती टपालाने, कोणास पाठाची केवळ ध्वनिफीत, तर कोणास चाचणीसाठी आठवडाभराची सवलत. पुढील अहवालात फरक पडला तर उपाय लागू पडला असे धरतो. न पडल्यास पुन्हा विचारतो. स्वतः करावयाच्या खुणा आम्ही काढून टाकल्या. आता पाच प्रश्नांची छोटी चाचणी दिल्यावरच पाठ पूर्ण समजला जातो.

आणखी एक बदल केला. आपली कोणती नोंद होते व ती कोण पाहतो, हे प्रवेशाच्या वेळीच सदस्यांस लेखी कळवितो. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २०१४ मध्येच यासंबंधी धोरण प्रसिद्ध केले होते, आणि आपल्याकडे व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. रुग्णाच्या केसपेपरविषयी आपण जे पथ्य पाळतो, ते शिष्याच्या नोंदीविषयीही पाळावयास हवे.

डोंगरी भागातील त्या वैद्यमहाशयांची ओळ अजूनही बहुधा रिकामीच असते. त्यांच्या नावापुढे आम्ही हाताने टीप लिहून ठेवली आहे : ‘छापील प्रत, शनिवारी दूरध्वनी.’ या सोमवारच्या अहवालात नवी दोन नावे रिकामी दिसली. एकाशी बोलणे झाले, त्यांच्या घरी आजारपण आहे. दुसऱ्यांचा दवाखाना रात्री नऊला बंद होतो. त्यानंतर त्यांना दूरध्वनी करावयाचा आहे.