मिस्त्रीचे वाढीव बिल आणि दारातला वसुलीवाला

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. पण बांधलेले घर दुरुस्त करून घेणे ही त्याहून मोठी परीक्षा आहे. बांधकामाचा खर्च माणूस आधी मोजतो, दुरुस्तीचा मात्र काम सुरू झाल्यावर कळतो. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावात तर सारा व्यवहार तोंडी चालतो. मिस्त्री ओळखीचा, हार्डवेअरवाला ओळखीचा, मग कागद कशाला? कागद नसल्याची किंमत पुढे दोघांनाही मोजावी लागते.

एक उदाहरण घेऊ. नावे नाहीत, रकमाही केवळ हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. पण गोष्ट अनेक घरांना ओळखीची वाटेल. मुलगा वाळूजच्या कंपनीत कामाला, गावात आई एकटी. पावसाळ्यात स्लॅब गळू लागला. तालुक्याच्या ठेकेदाराने पाहणी करून ३५,००० रुपये सांगितले, १५,००० उचल घेतली. चार दिवसांनी तो म्हणाला, "चाची, लोखंड गंजलंय, कठडाही हलतोय. करून टाकू का?" चाचीने मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, कठडा करा, ९,००० पर्यंत. बाकीचे कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही. काम संपले आणि बिल आले ६८,४०० रुपयांचे. महिन्याभराने दारात दोन अनोळखी माणसे उभी. "५३,४०० बाकी, वर दरमहा तीन टक्के व्याज, आमचा वसुली खर्च ६,०००. आठ दिवसांत द्या, नाहीतर सामान उचलू."

चाचीला भीती पैशांची कमी आणि गल्लीत होणाऱ्या बेअब्रूची जास्त. वसुलीवाल्याचे भांडवल तेच असते. म्हणून अशा वेळी घाईने पैसे देऊ नयेत आणि घाईने तोंडही फिरवू नये. आधी हिशेब मांडावा.

देणे किती, वाद किती?

तोंडी करारही करारच असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार दोन्ही बाजूंची संमती असेल तर साध्या बोलण्यातूनही बंधन निर्माण होते. म्हणून ठरलेले ३५,००० आणि फोनवर मान्य केलेले कठड्याचे ९,००० हे देणेच आहे. त्यातून उचलीचे १५,००० वजा केले की २९,००० राहतात. हे देताना का-कू करू नये. कारागिराच्या घामाचे पैसे अडवणे हा हक मारण्याचा प्रकार आहे.

उरले २४,४००. वाद फक्त एवढ्याचा आहे. येथे करार कायद्याचे कलम ७० लक्षात घ्यावे लागते. एखाद्याने फुकट करण्याच्या इराद्याने न केलेल्या कामाचा तुम्ही फायदा घेतला, तर लेखी करार नसला तरी योग्य मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या गाजलेल्या खटल्यात ठेकेदाराने सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधकाम केले होते, पण करार कायदेशीर रीतीने झाला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तरीही ठेकेदाराला मोबदला मिळवून दिला. मात्र त्याच निकालात दुसरी बाजूही सांगितली आहे: समोरच्याला ते काम नाकारण्याची मोकळीक हवी. न विचारता केलेले काम गळ्यात मारून मागाहून हवी ती रक्कम मागता येत नाही. गंजलेले लोखंड खरोखरच बदलले असेल, तर त्याचा रास्त मोबदला हा बोलणीचा विषय होऊ शकतो. मनमानी आकडा नव्हे.

बिल वाचायला शिका

एकरकमी आकडा असलेली चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. माल किती, मजुरी किती, दर काय, हे वेगवेगळे लिहून मागावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नियमाप्रमाणे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

मालाचा अंदाज घरबसल्या घेता येतो. वाळू ब्रासवर मोजतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. सिमेंटची गोणी ५० किलोची. अर्धा इंच जाडीचा, एकास चार मिश्रणाचा गिलावा १०० चौरस फुटांना साधारण एक गोणी सिमेंट खातो. ४०० चौरस फुटांच्या गिलाव्याला बिलात बारा गोण्या दिसल्या, तर प्रश्न विचारायला हरकत नाही. भिंत वाकडी असेल, थर जाड द्यावा लागला असेल, तर माल वाढतो; मग तसे मिस्त्रीने दाखवून द्यावे.

बिलात जीएसटी लावला असेल तर १५ अक्षरी-अंकी नोंदणी क्रमांक पाहावा. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही.

वसुलीवाल्याचा अधिकार किती?

अगदी थोडा. तो ठेकेदाराचा निरोप्या आहे, इतकेच. घरातले सामान उचलणे, घरात घुसणे, शेजाऱ्यांसमोर अपमान करणे, यांपैकी कशाचाही हक्क त्याला नाही. जप्ती फक्त न्यायालयाच्या हुकुमाने होते, आणि तीही सर्वसाधारणपणे दावा चालून हुकूमनामा झाल्यावर. तेव्हासुद्धा दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० काही गोष्टी वाचवते: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची शेतीची अवजारे आणि शेतकरी किंवा मजूर स्वतः राहतो ते त्याचे घर.

व्याज आणि वसुली खर्चाचे काय? आधी ठरले नसेल तर दरमहा तीन टक्के हा आकडा ठेकेदाराने मनाने घातलेला आहे. व्याज द्यायचे की नाही आणि किती, हे दावा झाल्यास न्यायालय ठरवते. वसुलीवाल्याची मजुरी ज्याने त्याला नेमले त्याने द्यावी.

"सिबिल खराब करू" ही धमकीही ऐकू येते. पतमाहिती कंपन्यांकडे नोंद करण्याचा अधिकार बँका, फायनान्स कंपन्या अशा कर्ज देणाऱ्या संस्थांना आहे, मिस्त्री-ठेकेदाराला नाही. धमकी, मारहाणीची भाषा झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली तो गुन्हा आहे. चकलांब्यात पोलीस ठाणे आहे, तेथे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. पण हेही ध्यानात असू द्या की बिलाचा वाद दिवाणी आहे. पैसे वसूल करून देणे किंवा बुडवून देणे हे पोलिसांचे काम नव्हे.

एक प्रकार मात्र वेगळा. काही ठेकेदार दुरुस्तीसाठी फायनान्स कंपनीचे हप्ते करून देतात आणि घाईत अर्जावर सही किंवा अंगठा घेतात. मग देणे कंपनीचे होते, आणि हप्ता थकला तर सिबिलवर खरोखर परिणाम होतो. परंतु तेथे रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास यांस मनाई आहे. एजंटाने ओळखपत्र आणि अधिकारपत्र दाखवले पाहिजे. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी गुंड वापरण्याच्या प्रकाराची कडक शब्दांत निंदा केली. कंपनीने लेखी तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

काय करावे?

पहिले काम, लेखी उत्तर. ठेकेदाराला साध्या मराठीत पत्र लिहावे: ठरले होते इतके, दिले इतके, मान्य बाकी २९,०००, उरलेले २४,४०० अमुक कारणाने अमान्य, तपशीलवार बिल द्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. मान्य रक्कम बँकेतून किंवा धनादेशाने द्यावी, वसुलीवाल्याच्या हातात रोख नव्हे. "सर्व बाकी मान्य" अशा कागदावर सही करू नये. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते. मुदत संपण्याआधी बाकी लेखी मान्य केली की ती मुदत नव्याने सुरू होते.

दुसरे, पुरावा. गळतीचे, कामाचे फोटो, फोनवरचे संदेश, उचलीची नोंद एका वहीत ठेवावी. दुसऱ्या जाणकार मिस्त्रीकडून काम पाहून अंदाज लिहून घ्यावा.

तिसरे, ग्राहक आयोग. बांधकामाचे काम ही कायद्याने 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात १९९३ सालीच स्पष्ट केले. बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

चौथे, आणि गावासाठी सर्वांत सोयीचे, लोकअदालत. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावा दाखल होण्यापूर्वीच समेट घडवता येतो. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. महिलांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत विधी साहाय्य मिळते. चाचीसारख्या एकट्या बाईने हे जरूर लक्षात ठेवावे. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

कारागीर बंधूंसाठी दोन शब्द

या पानाचे अनेक वाचक स्वतः मिस्त्री, प्लंबर, फर्निचरवाले, हार्डवेअर दुकानदार आहेत. त्यांचेही पैसे बुडतात, हे आम्ही जाणतो. पण वसुलीवाला पाठवून मिळालेला पैसा पुढची दहा कामे घालवतो. उपाय एका पानाचा आहे: कामाची यादी, दर, उचल, उरलेली रक्कम केव्हा, आणि "जादा काम आधी विचारून" ही एक ओळ. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. काम वाढले तर त्याच पानावर तारीख घालून नवी ओळ.

देवाणघेवाण लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला नवी नाही. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरे बकराची २८२ वी, याच विषयावर आहे; आणि तिच्या अगोदर, २८० व्या आयतीत, अडचणीतल्या देणेकऱ्याला मुदत देण्याची शिकवण आहे. कागद हा अविश्वास नव्हे. ओळख टिकावी, चाचीने पुढच्या पावसाळ्यातही त्याच मिस्त्रीला हाक मारावी, यासाठीच तो असतो.