सोबती शल्य नसावा

बारावीचे निकाल लागले आणि महाविद्यालयांचे प्रवेश पार पडले की गोमंतकातील घराघरांतून एक मागणी हटकून पुढे येते. मुलाला दुचाकी हवी असते. ही मागणी निव्वळ चैनीपोटी येते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. १९८० साली कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले, खाजगी बसगाड्याही धावतात. तरीही आडगावच्या मुलाला सकाळी वर्गात वेळेवर पोहोचायचे आणि संध्याकाळी शिकवणी आटोपून घरी परतायचे, तर स्वतःच्या चाकांवाचून गत्यंतर नसते. मग बाप कर्ज काढतो, आई साठवलेली पुंजी मोडते, नव्या गाडीला झेंडूचा हार पडतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात आणि ग्रामदेवतेपुढे नारळ फुटतो. हे सर्व यथासांग होते. ही गाडी चालवायला त्याला शिकवणार कोण, आणि पहिले वर्षभर तो कोणाच्या संगतीने चालवणार, हा प्रश्न मात्र त्या मंगल क्षणी कोणीच विचारीत नाही. त्यातून मुहूर्त साधला जातो तो नेमका जूनच्या तोंडावरचा! ज्या दिवसांत मुरलेला चालकही गाडी जपून हाकतो, त्या मृगाच्या पहिल्या सरींत हा नवशिका रस्त्यावर उतरतो.

प्रश्न किती गंभीर आहे, हे सांगायला आकडे पुरेसे आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४ हून अधिक, दुचाकीवर होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते. गाडी त्यांच्या हातात नव्हती; त्यांनी केवळ एका सोबत्यावर विश्वास टाकला होता. आकड्यांत चेहरे दिसत नाहीत. परंतु ज्या अंगणात गाडीच्या परिचित आवाजाची वाट पाहत रात्री दिवा जळत राहतो, त्या अंगणाला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

गंमत अशी की, सोबतीचा हा विचार कायद्याने पूर्वीच करून ठेवला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यांतला तिसरा नियम सांगतो की, शिकाऊ परवानाधारकाने आपल्या गाडीला पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर लावावे आणि ज्याच्यापाशी पक्का परवाना आहे अशा शिक्षकाच्या देखरेखीखाली गाडी चालवावी. मोटारसायकल शिकणाऱ्याने अशा शिक्षकाखेरीज अन्य कोणालाही मागे बसवता कामा नये, अशी स्पष्ट मनाई त्यात आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. नियमाचा हेतू उघड आहे: नवशिक्याच्या पाठीशी त्याच्याहून शहाणा माणूस असावा. आमच्या रस्त्यांवर याच्या नेमके उलट चित्र दिसते. परवाना शिकाऊ, पाटीचा पत्ता नाही, आणि मागे शिक्षकाऐवजी वर्गमित्र. प्रसंगी एकाऐवजी दोन! पुढे परीक्षेत पाय न टेकता आठाचा आकडा काढता आला की, मुलाला गाडी येते असे सगळेच धरून चालतात. आठाच्या आकड्याने तोल कळतो. वळणावर अचानक आडवी आलेली गाय त्याने कळत नाही.

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रा. हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला आणि त्याचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. देश परका आणि काळ जुना असला, तरी त्यातील निष्कर्ष आमच्या अंगणातले वाटावेत असे आहेत. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी शेकडा ९२ जण स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून वा मित्रांकडून गाडी शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर बसून पाच महिनेही झाले नव्हते. संकट दिसल्यापासून धडक होईपर्यंत दोन सेकंदांहूनही कमी अवधी मिळत होता, आणि तेवढ्यात बहुतेकांनी मागचा ब्रेक दाबून चाक घसरवले, पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरलाच नाही. धोका होता, तो टाळण्याचे साधनही हाताशी होते, पण त्या हाताला सराव नव्हता. मित्राकडून शिकण्यात वाईट काही नाही. मात्र त्या मित्राला स्वतःला तरी येते की नाही, हे कोणी पाहायचे?

महाभारतात सारथ्याची दोन चित्रे आहेत, ती या संदर्भात आठवतात. शल्य हा अश्वविद्येत निष्णात होता. परंतु कर्णाच्या रथावर बसून त्याने पदोपदी कर्णाचा तेजोभंग केला. दुसरे चित्र विराटपुत्र उत्तराचे. अंतःपुरात बढाया मारणारा तो कोवळा राजपुत्र कौरवसेना पाहताच पळत सुटला. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने त्याला मागे आणले, धीर दिला आणि त्याच्या आवाक्यातले काम, म्हणजे घोड्यांचे लगाम, त्याच्या हाती सोपवले. नवशिक्याला जो झेपेल तेवढेच काम देतो तो सोबती. जो डिवचून झेपणार नाही ते करायला लावतो तो शल्य. ‘बैलगाडी हाकतोस काय?’ हे वाक्य आमच्या रस्त्यांवर किती मुलांच्या कानी पडते आणि त्यापायी किती मुठी पिळल्या जातात, याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडणार नाही. नरकासुराच्या रात्री गावोगावच्या प्रतिमा पाहत फिरणारे जथे, पहिल्या पावसात धबधब्याकडे निघालेल्या टोळ्या, किनाऱ्यावरून अपरात्री परतणाऱ्या जोड्या यांत वाट चुकवणारा शत्रू कोणी नसतो. सगळे जिवलगच असतात. म्हणून तर धोका अधिक.

मग योग्य सोबती ओळखावा कसा? त्याच्या गाडीच्या किमतीवरून खचितच नव्हे. फाट्यावर तो मागच्यासाठी थांबतो की नाही, हे पाहावे. जवळच जायचे असले तरी हेल्मेटचा पट्टा बांधतो काय, ‘आज मला जमणार नाही’ असे म्हणणाऱ्याची टर उडवतो काय, आणि गाडी चालवायची त्या दिवशी पेल्याला स्पर्श करतो काय, हेही पाहावे. या चार कसोट्यांवर जो उतरत नाही, त्याच्याबरोबर चहा प्यावा, क्रिकेट खेळावे. घाटात जाऊ नये.

समूहाने फिरायचे तर त्याचीही शिस्त आहे. पाच-सहा गाड्यांहून मोठा जथा नसावा. सर्वांत पुढे अनुभवी, त्याच्या लगेच मागे सर्वांत नवा आणि शेवटी पुन्हा अनुभवी, असा क्रम ठेवावा. म्हणजे पुढच्याची गती नवशिक्याच्या कुवतीने ठरते. सरळ रस्त्यावर एकाने उजवीकडून तर पुढच्याने डावीकडून, अशी तिरपी रांग धरावी. वळणावर एकामागे एक व्हावे. आपापसांत ओलांडाओलांडी करू नये. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबावे. एवढा एक नियम पाळला तरी मागे पडल्याच्या भीतीने होणारी घाई नाहीशी होते, आणि ही घाईच नवशिक्याचा घात करते.

कौशल्याचे म्हणाल तर ते मोकळ्या पटांगणात, रविवारच्या सकाळी, चुन्याच्या एका रेघेने कमावता येते. ताशी २० किलोमीटरने येऊन रेघेवर थांबावे, मग ३० ने, मग ४० ने. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकात असते; तो हिसका न देता, ओले फडके पिळावे तसा वाढत्या दाबाने लावायचा असतो. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे पुस्तकात वाचून पटत नाही. रेघ ओलांडून गेलेले चाक पाहिले की पटते. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. तेव्हा पुढच्या वाहनापासून कोरड्यात दोन आणि पावसात चार सेकंदांचे अंतर ठेवणे हा भित्रेपणा नव्हे, गणित आहे. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. आणि नजर खड्ड्यावर न खिळवता मोकळ्या वाटेवर ठेवावी. कारण नजर जिकडे, गाडी तिकडे.

आमच्या भूमीचे म्हणून काही धडे वेगळेच आहेत. फेरीबोटीचा ओला लोखंडी उतार, खनिजवाहू ट्रकांनी रस्त्यावर सांडलेला तांबडा चिखल, रस्त्यावर रंगवलेले निसरडे पट्टे, वाऱ्याने पडलेली झावळी, संध्याकाळी डांबरावर बसलेली गुरे. हे धडे सोबत्याने दाखवून द्यावे लागतात. पहिल्या फेऱ्यांना दिवाडी-चोडणचे शांत रस्ते उत्तम. काणकोणच्या वाटेवरील करमळ घाट, चोर्ला आणि अनमोड यांना सहा महिने वाट पाहू द्यावी. घाट कुठे पळून जात नाहीत.

हे काम एकट्या सरकारवर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवरून माणसांची ने-आण करणारे आमचे पायलट वर्षानुवर्षे याच रस्त्यांवर पोट भरीत आले आहेत. कोणत्या वळणावर पाणी साचते आणि कोणत्या चढावावर ट्रक मागे घसरतो, ते त्यांना तोंडपाठ असते. या जाणत्यांना महाविद्यालयांनी मानधन देऊन सन्मानाने पाचारण करावे. गावच्या मंडळांनी चवथीच्या कार्यक्रमांसाठी जमणाऱ्या निधीतला लहानसा वाटा आणि पटांगणाचा एक सकाळचा तास यासाठी राखावा. वाहतूक खात्याने परवान्याच्या परीक्षेत रेघेवर थांबण्याची कसोटी घालावी. आणि आमच्या मुली, ज्या आज मोठ्या संख्येने स्कूटरवरून कामाला जातात, त्यांना भावाच्या ओरड्याखाली शिकावे लागू नये; शिकवणाऱ्यांत जाणत्या स्त्री-चालकही असाव्यात.

पालकांचे कर्तव्य सर्वांत मोठे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. पण दंडाच्या भीतीने शहाणे व्हावे लागणे ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. गाडीच्या किमतीच्या मानाने आयएसआय चिन्हाची दोन चांगली हेल्मेटे म्हणजे किरकोळ खर्च, तो पहिल्याच दिवशी करावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलगा कोणाबरोबर जातो हे विचारावे आणि त्या मित्राला एकदा घरी बोलावून त्याच्याशी चार शब्द बोलावे. सोयरीक जुळवताना घराण्याची सात पिढ्यांची चौकशी करणाऱ्या आम्हांला, ज्याच्या भरवशावर पोटचा गोळा रोज रस्त्यावर सोडायचा त्याची चौकशी करायला संकोच का वाटावा?