गोंगाटाचा तपशील

१९६३ साली मॉस्को येथे झालेल्या तहनाम्याने वातावरणातील, अंतराळातील व पाण्याखालील अणुचाचण्यांस मनाई केली. परंतु भूगर्भातील चाचण्या त्यातून सुटल्यामुळे, हजारो मैलांवरचा क्षीण हादरा भूमीच्या अखंड कंपनातून निवडून काढण्याची जबाबदारी भूकंपशास्त्रज्ञांवर येऊन पडली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गौरीबिदनूर येथे, ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सहकार्याने आपल्या अणुशक्ती खात्याने १९६५च्या सुमारास २० भूकंपमापकांची काटकोनी मांडणी उभारली, ती याच काळात. दोन मापकांत अंतर सुमारे अडीच किलोमीटर.

दूरचा हादरा एकामागून एक मापकांखालून जातो. प्रत्येक नोंद त्या विलंबाइतकी सरकवून सर्वांची बेरीज केली, की हादरा २० पट होतो आणि गोंगाट मात्र, निरनिराळ्या मापकांवरील गोंगाट परस्परांशी निःसंबंध असेल तर, सुमारे साडेचार पटच वाढतो. ही अट निसर्ग क्वचितच पाळतो. समुद्रावर समोरासमोरून येणाऱ्या लाटा भिडल्या म्हणजे त्यांचा दाब दुप्पट वारंवारतेने तळापर्यंत पोहोचतो, हे लाँगे-हिगिन्स यांनी १९५० साली गणिताने दाखवून दिले. १२ सेकंदांच्या लाटांतून ६ सेकंदांचे कंपन उपजते, सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेगाने जमिनीतून पसरते, आणि त्याची तरंगलांबी १८ किलोमीटर भरत असल्यामुळे शेजारचे दोन मापक जवळजवळ एकाच वेळी वरखाली होतात. अशा गोंगाटापुढे नुसती बेरीज हतबल ठरते.

सभागृहातील मायक्रोफोनांनाही हाच नियम लागू आहे. सर्व दिशांनी सारखाच येणारा गोंगाट धरला, तर दोन मायक्रोफोनांवरील त्याचा सहसंबंध अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर प्रथम शून्य होतो: १००० हर्ट्झला हे अंतर १७ सेंटिमीटर, १०० हर्ट्झच्या घरघरीला १.७ मीटर.

म्हणून गोंगाट किती, एवढे विचारून भागत नाही. कोणत्या दोन मापकांत तो किती सामाईक आहे, याचा तक्ता मांडावा लागतो, आणि २० मापकांच्या १९० जोड्या होतात. अमेरिकेतील मोंटानाच्या ५२५ भूकंपमापकांच्या नोंदींवर काम करताना केपॉन यांनी १९६९ साली अशाच तक्त्यावरून प्रत्येक नोंदीचे वजन ठरवले: इष्ट दिशेची लहर अबाधित राहावी, बाकी सर्व शक्य तितके घटावे. ही पद्धत मला या शास्त्रातील सर्वांत सुंदर वाटते, आणि तिचा धोकाही तितकाच खरा आहे. इष्ट लहरच तक्त्यात मिसळली असेल व तिच्या दिशेचा अंदाज किंचित चुकला असेल, तर ही पद्धत तिलाही गोंगाट समजून पुसून टाकते. ते टाळण्यासाठी तक्त्याच्या कर्णावर थोडा काल्पनिक, निःसंबंध गोंगाट हेतुपुरस्सर मिळवला जातो.