एडवर्ड ॲबीची वचने : सत्तेच्या शब्दांची उलटतपासणी

अमेरिकन लेखक एडवर्ड ॲबी (१९२७–१९८९) याची समाज व शासन यांविषयीची तिखट वचने बहुधा सुट्या सुभाषितांप्रमाणे उद्धृत केली जातात. १९८९ मध्ये अशा टिपणांचा एक संग्रहही प्रसिद्ध झाला. परंतु त्यांतील उत्कृष्ट वचनांचा अर्थव्यापार पाहू गेल्यास असे आढळते की, ॲबी तेथे नवा शब्द घडवीत नाही; सत्तेच्याच तोंडचा शब्द उचलून तो त्याच्या अडचणीच्या अर्थासमोर उभा करतो.

आर्थिक वाढीला साध्य मानणाऱ्या विचारसरणीस त्याने कर्करोगाच्या पेशीच्या पंक्तीस बसविले, ते वचन सर्वश्रुत आहे. इंग्रजीत ‘ग्रोथ’ हा शब्द अर्थशास्त्रज्ञ प्रगतीसाठी योजतो आणि वैद्य शरीरातील गाठीसाठी. वचनाचा सारा डंख या श्लेषात आहे. मराठीत अर्थशास्त्रज्ञ ‘वाढ’ म्हणतो, वैद्य ‘गाठ’ म्हणतो. म्हणून भाषांतरात उपमा तेवढी उरते आणि श्लेष लोपतो.

दुसरे उदाहरण नामकरणाचे. ॲरिझोनात कोलोराडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाचे काम १९५६ मध्ये सुरू झाले. १९५९ मध्ये ॲबीने त्या दरीतून नौकाप्रवास केला. १९६३ पासून पाणी अडविले जाऊन ती बुडू लागली. शासनाने त्या पाण्यास ‘लेक पॉवेल’ म्हटले. १८६९ मध्ये नदीचे समन्वेषण करणाऱ्या पॉवेलचे नाव, त्याने वर्णिलेल्या दरीला बुडविणाऱ्या पाण्यास! ॲबीचा आक्षेप ‘लेक’ या शब्दावरही होता : सरोवर निसर्ग घडवितो, हा तर गाळ साठविण्याचा हौद. (जायकवाडीच्या जलाशयास ‘नाथसागर’ म्हणणाऱ्यांस यातील मर्म सांगावे लागू नये.) १९८१ मध्ये ‘अर्थ फर्स्ट’च्या कार्यकर्त्यांनी याच धरणाच्या भिंतीवरून सुमारे ३०० फूट लांबीची काळी प्लॅस्टिकपट्टी सोडून तडा गेल्याचा देखावा केला, तेव्हा ॲबी तेथे भाषणास उपस्थित होता. ती विनोदाची शब्देविण आवृत्तीच होय.

मात्र हे शस्त्र सर्वत्र सारखे चालत नाही. लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्या स्थलांतरितांविरुद्ध त्याने १९८० नंतर जे लिहिले, त्यात उलटविण्याजोगा सत्तेचा शब्दच नव्हता. समोर दुर्बळ माणूस होता. तेथे वक्रोक्ती संपून नुसती तुच्छता उरली आणि त्याच्या चाहत्यांपैकीही अनेकांना ती रुचली नाही.