व्यावसायिक प्रवासी आणि मुंबईतील हॉटेल

कामाच्या निमित्ताने परगावी जाऊन एक-दोन रात्री मुक्काम करणाऱ्यास व्यावसायिक प्रवासी म्हणता येईल. पर्यटक हॉटेलात विसाव्यासाठी उतरतो. या प्रवाशाला मात्र पुरेशी झोप घेऊन, इस्त्रीच्या कपड्यांत, सकाळी वेळेवर तेथून बाहेर पडायचे असते. त्यामुळे त्याच्या निवासाचे निकष वेगळे ठरतात. मुंबईसारख्या लांबट व अरुंद शहरात तर ते फारच बारकाईने लावावे लागतात.

अशा हॉटेलाला आजचे रूप मिळाले ते अमेरिकेत. एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ साली बफलो येथे फिरत्या विक्रेत्यांना परवडेल असे हॉटेल उघडले. दीड डॉलरमध्ये खोली आणि खोलीला जोडूनच स्नानगृह, अशी त्याची जाहिरात होती. त्या काळी साधारण ऐपतीच्या प्रवाशाला सामाईक स्नानगृहापुढे ताटकळावे लागे. स्टॅटलर यांची युक्ती बांधकामातली होती. शेजारच्या दोन खोल्यांची स्नानगृहे त्यांनी पाठीला पाठ लावून बांधली आणि दोन्हींचे नळ मधल्या एकाच उभ्या नलिकाविवरातून नेले. नळकामाचा खर्च त्यामुळे वाचला आणि दुरुस्तीसाठी पाहुण्याच्या खोलीत शिरण्याची गरज कमी झाली. आजही अनेक हॉटेलांच्या मार्गिकेत दोन खोल्यांच्या मध्ये एक अरुंद, क्रमांक नसलेले, कुलूपबंद दार दिसते. ते या विवराचे. बांधकामावरची माणसे त्याला सरळ ‘डक्ट’ म्हणतात.

मुंबईत काळ्या घोड्याजवळचे लोखंडी सांगाड्याचे वॉटसन्स हॉटेल १८७१ साली सुरू झाले, तर ताजमहाल हॉटेल १९०३ साली. मराठी पाहुण्यांची वहिवाट मात्र क्रॉफर्ड मार्केटनजीकच्या सरदारगृहाकडे होती. लोकमान्य टिळक मुंबईत तेथेच उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले.

केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना एक ते पाच तारे देते आणि त्यावर पंचतारांकित डीलक्स हा वर्ग आहे. हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. ताऱ्यांवरून सोयीसुविधा कळतात, पण खोलीतली शांतता किंवा कचेरीपर्यंतचे अंतर त्यांवरून कळत नाही. व्यावसायिक प्रवाशाला अधिक उपयोगी पडते ते स्थानानुसार केलेले वर्गीकरण. मंत्रालय, उच्च न्यायालय वा रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयात काम असेल तर फोर्ट, चर्चगेट व नरिमन पॉइंट हा पट्टा बरा. राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी आणि हिरे बाजार वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत. तेथील हॉटेले महाग असल्याने पुष्कळ जण अंधेरी पूर्वेला राहतात. सीप्झ आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीत काम असणाऱ्यांना तर अंधेरीशिवाय पर्यायच नाही.

भुयारी मेट्रोने या विभागणीत मोठा बदल केला आहे. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. सीप्झ, सहार विमानतळ, वांद्रे-कुर्ला संकुल आणि चर्चगेट आता एकाच मार्गावर आले आहेत. त्यामुळे हॉटेल भुयारी मेट्रोच्या स्थानकापासून पायी गाठता येते का, हा प्रश्न ताऱ्यांच्याही आधी विचारावा. ‘विमानतळाजवळ’ या शब्दावर विसंबू नये. सांताक्रूझ आणि सहार ही दोन्ही टर्मिनले एकमेकांपासून बरीच दूर आहेत आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ तर खाडीपलीकडे आहे.

कोल्हापूर किंवा नागपूरहून रात्रीच्या गाडीने आलेला माणूस सकाळी सात-आठला हॉटेलाच्या दारात उभा राहतो आणि खोली मात्र बारा किंवा दोन वाजता मिळते. बैठक दहाची! म्हणून चोवीस तासांचे चेक-इन आहे का, हे आरक्षणापूर्वी फोन करून विचारावे. नुसती अंघोळ आणि थोडी विश्रांती हवी असेल, तर रेल्वेच्या विश्रांतिकक्षांखेरीज मुंबई सेंट्रल स्थानकातील कोष्ठनिवास म्हणजेच पॉड हॉटेल उपयोगी पडते. ते २०२१ मध्ये सुरू झाले. या कल्पनेचा उगम जपानी. वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांनी आखलेले पहिले कॅप्सूल हॉटेल १९७९ साली ओसाकात उघडले, आणि तेही प्रामुख्याने नोकरदारांसाठीच.

खोली मागताना लिफ्टपासून, रस्त्यापासून आणि वर वर्णिलेल्या डक्टपासून लांबची मागावी. पहाटे शेजाऱ्याने नळ सोडला की त्या विवरातून पाण्याचा आवाज थेट उशाशी येतो. न्याहारी किती वाजता सुरू होते, हेही विचारून ठेवावे.

शेवटचा भाग देयकाचा, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढील खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. हॉटेल ज्या राज्यात असेल त्याच राज्याचा हा कर मानला जातो. त्यामुळे पुण्याच्या कंपनीला मुंबईतील मुक्कामाच्या कराची वजावट मिळू शकते, पण महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या बंगळुरूच्या कंपनीला ती मिळत नाही. वजावट हवी असल्यास कंपनीचे नाव आणि जीएसटी क्रमांक चेक-इनच्या वेळीच नोंदवून घ्यावा. एकदा वैयक्तिक नावाने निघालेले देयक बदलून घेण्यासाठी स्वागतकक्षाशी आणि पुढे आपल्याच लेखाविभागाशी बराच पत्रव्यवहार करावा लागतो.