वारली चित्रांचे आर्ट प्रिंट काढायचेत? मोठा प्रिंटर घेण्याआधी हा हिशोब करा

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावात पौष पौर्णिमेला म्हसोबाची मोठी यात्रा भरते. समजा, तुमच्या घरात कुणी छान वारली चित्रं काढतं आणि पुढच्या यात्रेत त्या चित्रांचे प्रिंट विकायचं तुमच्या मनात आलं. मूळ चित्र एकदाच विकलं जातं, प्रिंट मात्र पुन्हा पुन्हा विकता येतो. मग डोक्यात दोनच पर्याय येतात: फ्लेक्सवाल्याकडे जायचं, नाहीतर कर्ज काढून स्वतःचा मोठा प्रिंटर घ्यायचा. मित्रांनो, दोन्हींच्या आधी जरा थांबा. प्रिंटर किती मोठा हवा हा पहिला प्रश्न नाहीच. तो दर आठवड्याला चालेल का, हा आहे.

फ्लेक्सचं मशीन का नको?

फ्लेक्सच्या मशीनमध्ये सॉल्व्हंट शाई असते. ऊन-पावसात टिकणं आणि लांबून दिसणं, हे तिचं काम. आर्ट प्रिंट हातभर अंतरावरून बघितला जातो. त्यासाठी पाण्यावर आधारित पिगमेंट शाईचा इंकजेट लागतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक घन कण; ते प्रकाशात लवकर फिके पडत नाहीत. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तो चमकदार दिसतो, पण साधारणपणे कमी टिकतो. आर्ट प्रिंटला ‘जिक्ले’ हे नाव १९९१ साली अमेरिकेत मिळालं, तेव्हा ते प्रिंट आयरिस नावाच्या मशीनवर निघायचे आणि सुरुवातीच्या डाय शाईचे रंग उडण्याची तक्रार असायची. आज पिगमेंट शाईवर भर असतो तो यामुळेच.

अजून एक सापळा म्हणजे २४ इंची प्लॉटर. दिसायला तसाच आणि किमतीला कमी. पण एचपी डिझाइनजेटची टी मालिका किंवा एप्सन शुअरकलरची टी मालिका ही नकाशे आणि बांधकामाच्या आराखड्यांसाठी आहे. त्यातल्या बहुतेक मॉडेलमध्ये चारच शाया असतात. कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्रो-२१०० (२४ इंच) आणि प्रो-४१०० (४४ इंच) मध्ये १२ टाक्या आहेत. त्यात राखाडी आणि फिकट शाया असल्याने रंगाच्या छटा गुळगुळीत उतरतात.

वारलीत पांढरा रंग कुठून येतो?

भिंतीवर गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने रेघ काढतात. प्रिंटमध्ये उलटं होतं. या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. गेरू सगळीकडे छापला जातो आणि माणसं, झाडं, तारपा यांच्या जागी कागद कोरा सुटतो. म्हणजे तुमच्या चित्रातला पांढरा रंग हा कागदाचाच रंग!

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, कागद आधी निवडा. ३०० जीएसएमच्या आसपासचा मॅट कॉटन कागद वारलीला शोभतो. फार शुभ्र कागदात बहुधा चमक वाढवणारं रसायन असतं. ते काही वर्षांनी निकामी होतं आणि कागद पिवळसर दिसतो. दुसरी, जवळजवळ पूर्ण कागद रंगणार, त्यामुळे शाई भरपूर जाणार. तिसरी, एकसारख्या गेरू रंगात नोझलचा एकही पट्टा चुकला तरी लगेच डोळ्यात भरतो. म्हणून डेमोला दुकानाचा फुलाफळांचा फोटो बघू नका, तुमचंच चित्र तुमच्याच कागदावर काढून मागा.

फोनचा फोटो किती मोठा होतो?

१२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४०००×३००० पिक्सेलचा असतो. लांब बाजूला तो ए३ वर इंचाला २४० पिक्सेल देतो, ए२ वर १७० आणि ए१ वर फक्त १२०. वारलीची बारीक रेघ जवळून स्वच्छ दिसायला २४० ते ३०० हवेत. ‘५० मेगापिक्सेल’वाले फोनही नेहमीच्या मोडमध्ये बहुधा चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात.

म्हणजे फाइल ए३ ची आणि प्रिंटर ४४ इंची, याला काही अर्थ नाही. मोठ्या प्रिंटसाठी चित्र तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करून जोडा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रुंदीचं गणित सोपं आहे: ए२ ला १७ इंची प्रिंटर पुरतो, ए१ ला २४ इंची, ए० ला ३६ किंवा ४४ इंची. पण १७ इंची प्रो-१००० मध्ये शाईची टाकी ८० मिलीची असते, प्रो-२१०० मध्ये ७०० मिलीपर्यंतची बसते. लहान टाकीची शाई मिलीमागे महाग पडते.

खरा खर्च: बंद पडून राहिलेलं मशीन

इंकजेटचं नोझल केसाहून बारीक असतं. मशीन आठवडेच्या आठवडे बंद राहिलं की शाई आत वाळते. मग सफाई करावी लागते आणि सफाईतही शाईच जाते. म्हणून प्रिंटर प्लगला लावूनच ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा तरी छोटा प्रिंट काढायचा. यात्रेपुरता प्रिंटर म्हणजे बैल घेऊन वर्षभर गोठ्यात बांधून ठेवण्यासारखं. चारा रोज लागणारच.

आपल्याकडे दोन अडचणी वाढतात. वीज गेली तर अर्धा प्रिंट वाया जातो, म्हणजे यूपीएस हवा. पावसाळ्यात कॉटन कागद दमट होऊन लाटा घेतो. रोल पिशवीत बंद ठेवा. हेड बिघडलं तर? कॅननच्या प्रो मालिकेत ते ग्राहकाला स्वतः बदलता येतं, एप्सनमध्ये सहसा इंजिनिअर लागतो. तो मुरबाडच्या पुढे गावात येणार का आणि किती दिवसांत, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

मग घ्यायचा की नाही?

आधी ठाणे-मुंबईतल्या आर्ट प्रिंट लॅबकडून दहा-वीस प्रिंट काढून विका. मग हा हिशोब मांडा:

- महिन्याचा हप्ता + देखभाल + सफाईची शाई = स्थिर खर्च
- लॅबचा दर − तुमचा कागद आणि शाई = एका प्रिंटमागे बचत
- स्थिर खर्च ÷ बचत = महिन्याला किमान इतके प्रिंट

सलग सहा महिने तेवढे प्रिंट विकले जात असतील, तरच मशीन घ्या. नाहीतर लॅबच स्वस्त.

शेवटचं आणि महत्त्वाचं. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याच्या प्रती काढायचा हक्क आपोआप मिळत नाही. चित्रकाराची लेखी परवानगी घ्या, प्रत्येक प्रिंटमागे त्यांचा वाटा ठरवा. वारली चित्रकलेला जीआय मानांकन आहे, त्यामुळे प्रिंटला ‘मूळ चित्र’ म्हणून विकू नका. मागे स्पष्ट लिहा: प्रिंट, क्रमांक, चित्रकाराचं नाव. गिऱ्हाईक पुढच्या यात्रेला परत यायचं असेल, तर मशीनइतकंच हेही लागतं.